तारेच्या पट्ट्यातली राखण

कोरिया देशाचे दोन तुकडे झाले, भाऊबंद एकमेकांशी लढले. २७ जुलै १९५३ ला लढाई थांबली आणि मधे ४ किलोमीटर रुंदीचा पट्टा मोकळा सोडला. आपल्या देशात परतायला तयार नसलेले २२ हजारांवर युद्धकैदी याच पट्ट्यात भारतीय जवानांनी सांभाळले. परत जायचं का, हे ज्याचं त्याला विचारायचं होतं.

जवानांचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव थोरात. एकदा कैद्यांनी आपला एक अधिकारी कुंपणात धरून ठेवला. थोरात स्वतः आत गेले, बोलले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं.

तो पट्टा आजही आहे, कारण शांततेचा करार झालाच नाही. कितीतरी आया पलीकडच्या लेकरांची खुशाली न कळताच गेल्या.