सुरतेची सायकल आणि तिची पारख

सुरतेचे नाव निघाले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे १६६४ आणि १६७० सालच्या शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या, तापीकाठच्या परदेशी वखारी आणि १९०७ सालचे दुभंगलेले काँग्रेस अधिवेशन उभे राहते. परंतु ज्या साध्या वाहनावर बसून या नगरीतील मराठी कामकऱ्यांच्या पिढ्या पोटामागे गेल्या, त्या सायकलीचा इतिहास लिहिण्याजोगा आहे असे सहसा कोणास वाटत नाही. आम्हांस तो तसा वाटतो. ज्या घरात एका खरेदीने महिन्याचा हिशेब कोलमडतो, त्या घरी ‘कोणती सायकल घ्यावी’ हा हौसेचा प्रश्न नसतो. सायकल अडली तर पाळी चुकते, आणि पाळी चुकली तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

सुरतेत मराठी वस्ती कशी वाढली, हे आधी पाहिले पाहिजे. १९०० साली सुरत ते अमळनेर ही ताप्ती व्हॅली रेल्वे पुरी झाली आणि नंदुरबार, धुळे, जळगाव या बाजूच्या खानदेशी माणसास सुरत ही हाकेच्या अंतरावर आली. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात यंत्रमाग, रंगाई-छपाईचे कारखाने आणि हिरे घासण्याचे धंदे फोफावले. लिंबायत, उधना, दिंडोली या भागांत अहिराणी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली. यंत्रमागावर बारा तासांच्या दोन पाळ्या चालत. पाळीची वेळ पहाटेची असो की रात्रीची, बस मिळेलच याचा भरवसा नसे. खोलीपासून कारखाना दोन-चार मैलांवर आणि सारी भूमी सपाट. अशा गावासाठीच सायकल जन्मली असावी, असे वाटावे!

हे वाहन मराठी मुलखात रुजले त्याची कथा मात्र सुरतेहून दूर, आपल्या कोंकणी वाचकांस जवळच्या अशा बेळगावात सुरू होते. १८८५ साली इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली याने सारख्या उंचीच्या दोन चाकांची, मागील चाकास चेनने गती देणारी ‘रोव्हर’ सायकल काढली. १८८८ साली डनलॉप याने हवा भरलेला टायर आणला. त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी सायकलचे दुकान थाटले. पुढे १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगरांनी त्या घराण्याचे नाव घरोघर पोचविले. परंतु आरंभ झाला तो सायकलीपासून. त्या दुकानात सायकली विकल्या जात, दुरुस्त होत आणि गिऱ्हाइकास त्या चालविण्यासही शिकविले जाई. विक्री, दुरुस्ती आणि शिक्षण ही तिन्ही एका छपराखाली असावीत, हा त्यातील बोध आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्यानंतर अर्धशतकभर आपल्याकडे रॅले, बी. एस. ए., हर्क्युलिस अशा विलायती सायकलींचे राज्य होते. अनेक नगरपालिका सायकलीवर कर बसवून बिल्ला देत. रात्री दिवा नसला किंवा मागे कोणी बसलेले दिसले की शिपाई अडवी. त्या काळी जो नमुना स्थिरावला तो काळ्या रंगाचा, भक्कम, २८ इंची चाकांचा आणि सळईच्या ब्रेकचा. वजन सुमारे २० किलो. आजच्या तरुणास तो बोजड वाटतो. पण त्याचा प्रत्येक अवयव अनुभवातून ठरला आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते. पुढचा चिमटा अधिक कललेला असल्याने धक्का हातापर्यंत पोचताना सौम्य होतो. चेनवरील पत्र्याचे आवरण धोतराचा काठ आणि लेंग्याची घडी वाचविते. रुंद मडगार्ड चिखल अडविते, आणि जाड सळ्यांचे कॅरिअर धान्याचे पोते सहज पेलते. १९५० पासून चीनमधील तिआनजिन येथे निघालेली ‘फ्लाइंग पिजन’ सायकलही याच घाटाची, आणि हॉलंडमध्ये रोजच्या वापराची सायकल बरीचशी अशीच असते. गरजा सारख्या असल्या की देशोदेशीचे कारागीर एकाच उत्तराशी येऊन पोचतात.

आपल्या देशात कारखाने उभे राहिले तेव्हा हाच नमुना त्यांनी उचलला. मुंबईत वरळीस हिंद सायकल, आसनसोलजवळ सेन-रॅले, १९४९ साली स्थापन झालेली मद्रासची टी. आय. सायकल्स, १९५१ ची सोनीपतची ॲटलस आणि १९५६ ची लुधियान्याची हीरो ही नावे कोणास ठाऊक नाहीत? लुधियान्यात लहान लहान कारखान्यांतून हब, रिम, पेडल, छर्रे असे सुटे भाग निघू लागले. एका कंपनीच्या सायकलीस दुसऱ्या कारखान्याचा भाग बसू लागला, हे या धंद्याचे खरे बळ होय. अर्ध्या इंचाच्या कडीची चेन, २८ इंची टायर, कॉटर पिन या वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागल्या, तेव्हाच गरिबाची सायकल खऱ्या अर्थाने त्याची झाली. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के घरांत सायकल आढळली, तर स्कूटर वा मोटारसायकल सुमारे २१ टक्के घरांत.

या इतिहासातून आम्ही एक कसोटी काढतो. रोजच्या प्रवासाची सायकल पारखताना आधी वाट पाहावी, मग बसणारा पाहावा, मग ओझे पाहावे, आणि शेवटी आपल्या गल्लीतील कारागिराच्या पेटीत कोणते भाग असतात ते पाहावे. दुकानातील झळाळी या चारही गोष्टींच्या नंतर येते.

वाट पाहायची तर सुरत सपाट आहे. पुढे ४४ दाते व मागे १८ दाते अशी जोडी असल्यास २८ इंची चाकाची सायकल पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर जाते, आणि सपाटीवर तेवढे पुरते. १८७७ साली तापीवर होप पूल झाला. त्यानंतर अनेक पूल उभे राहिले. त्यांच्या चढापुरते गिअर असावेत असे वाटल्यास मागच्या हबमध्ये बंदिस्त असलेले तीन गिअर उत्तम. त्यांत पाणी-चिखल सहजी शिरत नाही. उघड्यावर चेन सरकविणारे गिअर हलके व वेगवान खरे, पण त्यांची निगा अधिक, आणि तार किंचित सैल झाली तरी चेन दाते सोडते. फोंडा, सावंतवाडी किंवा मंगळूर अशा चढउताराच्या गावी राहणाऱ्या आमच्या वाचकांनी मात्र गिअर अवश्य घ्यावेत.

बसणाऱ्याचे माप हा सर्वांत दुर्लक्षित विषय होय. आडव्या दांडीच्या दोहों बाजूंस पाय टेकून उभे राहिले असता शरीर व दांडी यांत थोडी मोकळी जागा राहावी. बैठकीवर बसून टाच खालच्या पेडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. बैठक याहून खाली असली की गुडघे दुखू लागतात. बिहारात २००६ पासून शाळेच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली, गुजरातेतही सरस्वती साधना योजनेत मुलींस सायकली मिळतात. तिचा लाभ मोठा आहे. आमची देवस्थाने व ज्ञातिसंस्थाही गरजू मुलामुलींस वह्या-पुस्तके देतात, क्वचित सायकलही देतात. तेथे एक विनंती करावीशी वाटते: दानाची सायकल मापाची असावी. पाय न पुरणारी सायकल थोड्याच दिवसांत भिंतीस टेकून गंजते, आणि मुलीची शाळा पुन्हा पायी सुरू होते.

ब्रेक, दिवा व ओझे यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. सुरतेचा पावसाळा जोरदार असतो. पोलादी रिम भिजली की ब्रेकची रबरे घसरतात. म्हणून अंतर ठेवून आधीपासूनच हलका ब्रेक लावावा, म्हणजे रिम पुसली जाऊन पकड येते. शक्य असल्यास ॲल्युमिनियमची रिम किंवा हबच्या आत बसणारा ब्रेक निवडावा. रात्रपाळीस जाणाऱ्याने मागचा लाल दिवा व परावर्तक यांस घंटीहून अधिक मान द्यावा. मागून येणाऱ्या ट्रकास घंटी ऐकू जात नाही, प्रकाश दिसतो. शिरस्त्राणाचा संकोच धरू नये. जेवणाचा डबा हँडलला लटकविल्यास हँडल डुलते, सबब तो कॅरिअरवर घट्ट बांधावा. टायरच्या कडेवर हवेचे प्रमाण छापलेले असते. तेवढी हवा नेमाने भरणाऱ्यास पंक्चरही कमी होते.

२००६ च्या ऑगस्टात तापीच्या महापुराने सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी बुडालेल्या सायकलीची चेन पुसून वर तेल सोडणे पुरेसे नसते. हब व मधली क्रँकची जागा उघडून, छर्रे धुऊन, नवे ग्रीस भरावे लागते. हे काम जाणणारा कारागीर जवळ असेल तर पुरानंतरही सायकल वर्षानुवर्षे चालते; नसेल तर तीच भंगारात जाते. आज ही जाणती माणसे कमी होत आहेत. मोटारसायकल सुलभ झाली, तसे सायकलवाल्यांचे चिरंजीव दुसऱ्या धंद्याकडे वळले. ॲटलसने साहिबाबादचा आपला शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला. तो जागतिक सायकलदिन होता. आणि तरीही उधना-पांडेसराच्या रस्त्यांवर ज्याला इंधन परवडत नाही तो सायकलीवरच आहे. त्याच्या मार्गाची आणि त्याच्या कारागिराची काळजी कोणी घ्यावयाची?

दसऱ्यास आपण शस्त्रे, यंत्रे व वाहने पुजतो. झेंडूची माळ व कुंकवाचा टिळा सायकलीसही लागतो, आणि तो योग्यच आहे. तथापि त्या पूजेआधी चेन धुऊन तेल द्यावे, सैल आरे ताणून घ्यावेत, झिजलेली रबरे बदलावीत, आणि त्यासाठी गल्लीतल्या कारागिराला त्याच्या श्रमाचे मोल हात आखडता न घेता द्यावे. देवळाच्या आवारात सायकली ठेवण्यास एक छप्पर आणि भिंतीशी एक हवेचा पंप ठेवणे आमच्या संस्थांस मुळीच जड नाही. रात्रपाळी आटोपून पहाटे काकडआरतीस येणाऱ्या कामकऱ्यास त्याचा उपयोग होईल.