पडद्यामागच्या सरस्वतीबाई

३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. बायका सिनेमात काम करायला तयार नव्हत्या, म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. पडद्यामागे मात्र सरस्वतीबाई फाळके होत्या. भांडवलासाठी त्यांनी दागिने दिले, सगळ्या मंडळींना रांधून घातलं, कोऱ्या फिल्मच्या कडेला भोकं पाडली. पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या.

आज कॅमेरा आपल्या मोबाईलमध्येच आहे. पापडाचा, बियाण्यांचा व्हिडिओ आपण काढतो. ज्या बाईने तो काढला, जिने माहिती सांगितली, त्यांची नावं शेवटी घालायची, असं आम्ही गटात ठरवलंय. तुम्हीही ठरवा.