कल्पनेतला मूस आणि उलटलेली मर्सिडीज

स्वीडनच्या जंगलातल्या रस्त्यांवर मूस अचानक आडवा येतो. मूस म्हणजे लांब पायांचं, घोड्याएवढं थोराड हरीण. धडक बसली तर त्याचं धड थेट समोरच्या काचेवर येतं. म्हणून तिथे नवी गाडी तपासताना ती वेगात झटकन बाजूला आणि लगेच परत आपल्या लेनमध्ये घेऊन बघतात. २१ ऑक्टोबर १९९७ ला एका स्वीडिश वाहन-मासिकाच्या पत्रकाराने मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास अशीच वळवली. समोर मूस नव्हता, नुसते शंकू होते. वेग ताशी ६० किलोमीटरच्या आसपास. गाडी उलटली.

मर्सिडीज! पूर्व जर्मनीची खटारा ट्राबांट हीच चाचणी पार करते, म्हणून खिल्ली उडाली ती वेगळीच.

पण खरी गोष्ट या आधीची आहे. घसरती गाडी आवरणारं तंत्र कंपनीकडे होतंच. बॉशबरोबर बनवलेली ईएसपी १९९५ मध्ये महागड्या एस-क्लास कूपेत बसली होती. त्याआधी, १९९४ मध्ये, बर्लिनच्या सिम्युलेटरमध्ये ८० ड्रायव्हरांना ताशी १०० किलोमीटरने निसरड्या वळणांवर सोडलं गेलं. ईएसपी नसताना ७८ टक्के घसरले, असताना एकही नाही. आकडे हातात होते. छोटी गाडी घेणाऱ्याला मात्र हे तंत्र मिळत नव्हतं. सेन्सर महाग होते हे मान्य, पण मला हे कारण पुरेसं वाटत नाही.

ईएसपीच्या पोटात गाडीचं एक गणित असतं. १९४० मध्ये रीकर्ट आणि शुंक या जर्मनांनी चारचाकी कागदावर दोनचाकी करून ते मांडलं, म्हणून त्याला ‘सायकल मॉडेल’ म्हणतात. स्टिअरिंग किती फिरवलं आणि वेग किती, यावरून गाडी किती वळायला हवी ते गणित सांगतं. प्रत्यक्षात किती वळतेय ते सेन्सर. तफावत वाढली की एकाच चाकाला ब्रेक लागतो. मागची बाजू बाहेर फेकली जात असेल तर वळणाच्या बाहेरच्या अंगाचं पुढचं चाक, पुढची बाजू सरळच निघाली तर आतल्या अंगाचं मागचं. हे सगळं ड्रायव्हर घाबरायच्या आत.

फजितीनंतर कंपनीने विक्री थांबवली, गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं आणि प्रत्येक ए-क्लासमध्ये ईएसपी दिली. तीही जादा पैसे न घेता. मग इतर कंपन्यांनाही छोट्या गाड्यांचा विचार करणं भाग पडलं. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून, युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली.