गुल्ला भाषा : गुलामगिरीच्या इतिहासाचे एक साधन

अमेरिकेतील गुलामगिरीची बहुतेक लिखित साधने धन्यांच्या हातची आहेत. खरेदीपत्रे, मळ्यांच्या हिशेबवह्या व मृत्युपत्रांना जोडलेल्या मालमत्तेच्या याद्या यांत गुलामांची नावे आढळतात. पण ती बहुधा धन्यांनी ठेवलेली नावे होत. दक्षिण कॅरोलिनात तर इ. स. १७४० च्या कायद्याने गुलामांस लिहावयास शिकविणे हा अपराध ठरला. ज्यांना लेखन निषिद्ध होते, त्यांच्या इतिहासाचे साधन त्यांच्या बोलण्यातच शोधावे लागते.

दक्षिण कॅरोलिना व जॉर्जिया यांच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवरील गुल्ला भाषा हे असे एक साधन होय. तेथील दलदलीच्या प्रदेशात भातशेतीचे मळे होते व सिएरा लिओनसारख्या भात पिकविणाऱ्या मुलखांतून आणलेल्या माणसांना तेथे मोठी मागणी असे. गोऱ्यांची वस्ती विरळ, हिवताप नित्याचा. अशा एकाकी स्थितीत, परस्परांची भाषा न जाणणाऱ्या आफ्रिकी लोकांमध्ये ही मिश्रभाषा रुजली. तिचे बहुतांश शब्द इंग्रजी असले तरी तिच्या घडणीत आफ्रिकी अंश मोठा आहे.

इ. स. १८६५ मध्ये घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. धन्यांचा भाषेविषयीचा निवाडा मात्र टिकला. गुल्ला म्हणजे अडाण्यांनी बिघडविलेली इंग्रजी, असे पुढेही कित्येक वर्षे लिहिले जात होते. हे मत लॉरेन्झो डाउ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने खोडून काढले. १९३० नंतरच्या दशकात त्यांनी या बेटांवर ध्वनिमुद्रणे केली, पश्चिम आफ्रिकेतील भाषांचा अभ्यास केला आणि इ. स. १९४९ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आफ्रिकी उगमाचे सुमारे ४,००० शब्द त्यांनी नोंदविले. त्यांत बहुतांश घरात वापरावयाची टोपणनावे होती. शाळेत व परक्यांपुढे लोक इंग्रजी नाव सांगत. म्हणून पूर्वीच्या संशोधकांना ती आढळलीच नव्हती. धन्याच्या वहीत नसलेले नाव घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकले होते.

जॉर्जियातील हॅरिस नेक येथे अमेलिया डॉली या स्त्रीने टर्नर यांना एक गीत ऐकविले. तिला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. त्याची भाषा सिएरा लिओनमधील मेंडे होती. पुढे त्या देशातील एका खेड्यात तेच गीत अंत्यविधीच्या प्रसंगी गात असल्याचे आढळले व इ. स. १९९७ मध्ये अमेलियाची कन्या तेथे जाऊन आली. तत्पूर्वीच, इ. स. १९४२ मध्ये, हॅरिस नेकची जमीन संघसरकारने विमानतळासाठी घेतली व तेथील कृष्णवर्णीय कुटुंबांस हुसकावले. युद्धानंतरही ती त्यांना परत मिळाली नाही.

इ. स. २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने गुल्ला लोकांच्या प्रदेशास सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला. परंतु भाषा जगते ती बोलणाऱ्यांच्या वस्तीत. ज्या बेटांच्या एकाकीपणाने गुल्ला जगविली, त्यांवर आता पूल झाले असून विश्रामगृहे व श्रीमंतांच्या वसाहती उठल्या आहेत. तेथील जमीन मूळ रहिवाशांच्या हातून सुटणे, हाही गुलामगिरीच्या इतिहासाचाच उत्तरभाग होय.