दूरवैद्यक : सातपुड्याच्या डोंगरी भागातील

रुग्ण व वैद्य एकमेकांपासून दूर असताना दूरध्वनी, रेडिओ, उपग्रह किंवा संगणक यांच्या साहाय्याने रोगनिदान व उपचारांचे मार्गदर्शन करण्याच्या पद्धतीस दूरवैद्यक किंवा टेलिमेडिसिन म्हणतात. अशा पद्धतीची गरज बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरच्या परिसरावरून स्पष्ट होते. नळगंगा नदीवरील, पूर्णेच्या सपाट खोऱ्यात वसलेले हे गाव १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पूर्ण झालेल्या लोहमार्गावर आहे. त्यामुळे मुंबई व नागपूर या शहरांशी त्याचा संबंध लवकर जुळला. पूर्णेच्या उत्तरेस मात्र जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत सातपुड्याचे डोंगर लागतात आणि पुढे पूर्वेस अमरावती जिल्ह्यातील मेळघाट पसरला आहे. मैदानातील दळणवळणाच्या सोयी या डोंगरांतील वस्त्यांना पुढे दीर्घ काळ लाभल्या नाहीत.

दूरवैद्यकाची कल्पना उपग्रहांपेक्षा जुनी आहे. नेदर्लंड्समधील शरीरक्रियावैज्ञानिक व्हिलेम आइन्टहोव्हेन यांनी १९०५ मध्ये लायडन येथील रुग्णालयातील रुग्णाचा हृद्‌विद्युत् आलेख दूरध्वनीच्या तारेवरून सु. १.५ किमी. अंतरावरील आपल्या प्रयोगशाळेत घेतला. ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या प्रदेशात १९२८ मध्ये विमानाने वैद्य पाठविणारी सेवा सुरू झाली. पायाने फिरवून वीज निर्माण करणाऱ्या रेडिओमुळे तेथील कुटुंबांना वैद्याशी संपर्क साधता येऊ लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दूरचित्रवाणी व पुढे उपग्रह यांचा या कामी उपयोग करण्यात आला.

डोंगराळ प्रदेशात तारा टाकणे व मनोरे उभारणे कठीण असते. सु. ३६,००० किमी. उंचीवरील भूस्थिर उपग्रहास ही अडचण नसते. लहानशा भूकेंद्रावरून संदेश पाठविता येतो. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने २००१ पासून दूरस्थ रुग्णालये शहरांतील विशेषज्ञांशी जोडण्याचे प्रयोग केले. अतिउंच प्रदेशांत या सेवेचे महत्त्व विशेष असते. सु. २,५०० मी.हून अधिक उंचीवर विरळ हवेमुळे पर्वतविकार संभवतो व हिवाळ्यात हिमवृष्टीमुळे खिंडी बंद होतात. हिमाचल प्रदेशातील काझा व केलाँग येथे २०१५ मध्ये दूरवैद्यक केंद्रे सुरू करण्यात आली.

सातपुड्यात हिमालयाएवढी उंची नाही. मेळघाटातील चिखलदरा सु. १,११८ मी. उंचीवर आहे, तेथे पर्वतविकार होत नाही. परंतु तीव्र उतार, दाट जंगल व पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे नाले यांमुळे थोडे अंतरही दुस्तर होते. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंचा प्रश्न राज्यभर गाजला व मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. कुपोषित बालकाला न्यूमोनिया किंवा अतिसार झाल्यास काही तासांचा विलंबही घातक ठरतो. बैरागड येथे १९८५ पासून रुग्णसेवा करणारे डॉ. रवींद्र कोल्हे व त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता कोल्हे (दोघांनाही पद्मश्री, २०१९) यांच्या कार्याने तेथे राहणाऱ्या वैद्याचे मोल दाखवून दिले. मात्र असे वैद्य प्रत्येक वस्तीत असणे शक्य नव्हते.

इ. स. २००० नंतरच्या दशकात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी राज्यातील काही जिल्हा रुग्णालये उपग्रहाद्वारे जोडण्यात आली. सातपुड्यातील धडगाव व अक्कलकुवा हे तालुके असलेल्या जिल्ह्याचे नंदुरबार रुग्णालय त्यांपैकी एक होय. २०१६ मध्ये मेळघाटातील हरिसाल येथे राज्य शासनाच्या संगणकीय ग्राम योजनेत दूरवैद्यकाची सोय करण्यात आली. २०१९ मध्ये ‘ई-संजीवनी’ ही राष्ट्रीय सेवा सुरू झाली. तीत आरोग्य केंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णास तपासून दूरच्या डॉक्टरांशी त्याची गाठ घालून देतो. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकीय व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली.

या इतिहासावरून दूरवैद्यकाच्या मर्यादाही कळतात. हृद्‌विद्युत् आलेख साध्या तारेवरून जातो, क्ष-किरण चित्र काही वेळाने पाठविले तरी चालते. प्रत्यक्ष संवादास मात्र अखंड वीज व वेगवान संपर्क लागतो. भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मेळघाटातील कोरकू ही मुंडा गटातील भाषा असून जळगाव जामोद परिसरातील निहाली ही कोणत्याही ज्ञात भाषाकुलात न बसणारी भाषा आहे. रुग्णाचे दुखणे त्याच्या भाषेत ऐकून विशेषज्ञास सांगणारी व्यक्ती जवळ नसेल, तर यंत्र निरुपयोगी ठरते. शिवाय तार किंवा उपग्रह सल्ला आणतो. शस्त्रक्रिया, रक्त वा अडलेल्या बाळंतिणीची सुटका आणीत नाही. त्यासाठी अखेर मैदानातील रुग्णालय गाठावे लागते. राज्यात २०१४ पासून चालू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही रस्ता असेल तेथपर्यंतच पोहोचते. म्हणून वस्तीवरील प्रशिक्षित आरोग्यसेवक, बारमाही रस्ता व सुसज्ज रुग्णालय यांना जोडणारा दुवा म्हणूनच दूरवैद्यक डोंगरी भागात उपयुक्त ठरते. त्यांना पर्याय म्हणून नव्हे.