मते हलाल, मंत्रिपद हराम

आघाडीचे राजकारण म्हटले की आपल्याला १९८९ नंतरची दिल्ली आठवते. पण या राजकारणाची शाळा केरळात त्याच्या कितीतरी आधी भरली होती. त्या शाळेत एका मुस्लिम पक्षाला बसायला जागा मिळेपर्यंत बरीच वर्षे उभे राहावे लागले.

फाळणीनंतर, मार्च १९४८ मध्ये, मद्रास येथे मुहम्मद इस्माईल यांच्या नेतृत्वाखाली इंडियन युनियन मुस्लिम लीग स्थापन झाली. नावावरच फाळणीचे ओझे होते. १९६० च्या केरळ विधानसभा निवडणुकीत कम्युनिस्टांना हरवण्यासाठी काँग्रेस आणि प्रजासमाजवादी पक्षाने लीगशी हातमिळवणी केली. लीगचे ११ आमदार निवडून आले. सरकार बनले, पण लीगला मंत्रिपद मिळाले नाही. के. एम. सीती साहेबांना सभापती केले गेले. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा सी. एच. मुहम्मद कोया यांना त्या खुर्चीसाठी पक्षाचे सदस्यत्व सोडावे लागले. मते हलाल आणि मंत्रिपद हराम, असा तो हिशेब होता.

१९६७ मध्ये चक्र फिरले. ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांनी सात पक्षांची आघाडी उभारली आणि लीगला दोन मंत्रिपदे दिली. काँग्रेस अवघ्या ९ जागांवर आली. पुढे काँग्रेसलाही लीगला सोबत घ्यावे लागले. कोया शिक्षणमंत्री असताना १९६८ मध्ये कालिकत विद्यापीठ सुरू झाले, १९६९ मध्ये मलप्पुरम जिल्हा झाला. १९७९ मध्ये हेच कोया काही आठवडे मुख्यमंत्रीही होते.

या सोबतीची किंमतही होती. बाबरी मशीद पाडली गेल्यावरही लीग काँग्रेसच्या आघाडीत राहिली. ते न पटल्याने ज्येष्ठ नेते इब्राहिम सुलेमान सेट बाहेर पडले आणि १९९४ मध्ये त्यांनी वेगळा पक्ष काढला.

२००४ च्या लोकसभा निवडणुकीत केरळात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. तिच्या आघाडीचे एकच उमेदवार जिंकले, पोन्नानीतून लीगचे ई. अहमद. ते मनमोहन सिंग सरकारात परराष्ट्र राज्यमंत्री झाले. केरळात त्यांच्या आघाडीला धूळ चारणारे डावे पक्ष दिल्लीत त्याच सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते! १९६० मध्ये राज्यात नाकारलेली खुर्ची ४४ वर्षांनी केंद्रात मिळाली.

म्हणून आपणही महाराष्ट्रात असा पक्ष काढावा काय? मलबारात मुस्लिम वस्ती सलग आहे, आपण गावोगाव विखुरलेले आहोत. बॅरिस्टर अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले, ते काँग्रेसमधूनच. पण केरळचा एक धडा आपल्याही कामाचा आहे. मत देतानाच वाटा ठरवून घ्यावा लागतो. निकालानंतर मिळते ते उपकार म्हणून, आणि उपकार परत घेता येतात.