हात लावून पाह्य

हिंगण्याच्या एमआयडीसीत बाबांचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, एक कॉम्प्रेसर आणि डोक्यावर पत्रा. 2023 च्या मे महिन्यात मोठ्या लेथची मोटर जळाली. रिवाइंडिंगला आठ दिवस गेले आणि तेवढ्यात हातातली ऑर्डर दुसऱ्याकडे गेली. मी मिहानमधल्या एसीत बसून दिवसभर दूरदेशीच्या सर्व्हरचे आलेख बघतो. कुठे दोन अंश वाढले तरी माझा फोन वाजतो. घरची मोटर जळाली ते मात्र मला रात्री जेवताना कळलं.

बाबांची तापमान मोजायची पद्धत साधी आहे. येता-जाता मोटरला हात लावायचा, तोही पालथा. तळहात लावला आणि मोटरच्या बॉडीत करंट उतरलेला असला, तर बोटं आवळतात आणि हात चिकटून बसतो. पालथा हात आपोआप मागे ओढला जातो. हात ठेववत नसेल तर साधारण साठ अंशांच्या वर गेलं असं समजायचं. ही विद्या बाबांची एकट्याची नाही. मुंबईहून रेल्वे नागपूरला आली 1867 मध्ये, आणि तेव्हापासून कित्येक दशकं गाडी थांबली की रेल्वेची माणसं डब्यांच्या अ‍ॅक्सल बॉक्सला हात लावत फिरायची. 'हॉट अ‍ॅक्सल' वेळेत सापडला नाही तर अ‍ॅक्सल मोडून गाडी घसरायची.

हाताची अडचण एकच. तो तिथे असावा लागतो. आमची मोटर जळाली तेव्हा बाबा चहाला गेले होते.

मी सीताबर्डीवरून ईएसपी32 चा बोर्ड, डीएस18बी20 चे तीन सेन्सर आणि एक बझर आणला. रविवारी दुपारी सगळं जोडलं. सोमवारी सकाळी बझर बोंबलला: मोटर 85 अंश. बाबांनी हात लावला, मोटर थंडगार. मंगळवारी पुन्हा 85. बुधवारी बाबांनी बझरची वायरच काढून ठेवली. "तुयं यंत्र खोटं बोलून राह्यलं," एवढंच म्हणाले.

खोटं का, ते डेटाशीटमध्ये लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. हा सेन्सर चालू होताना त्याच्या पोटात 85 हाच आकडा भरलेला असतो. मोजमाप पूर्ण व्हायच्या आत विचारलं, किंवा लेथच्या धक्क्यांनी वायर सैल होऊन तो मध्येच बंद-चालू झाला, तर तो निर्विकारपणे 85 सांगतो.

या फजितीवर पुढच्या उन्हाळ्यात थोडी फुंकर बसली. 30 मे 2024 ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश नोंदवले. देशभर बातमी झाली, पुण्या-मुंबईच्या मित्रांनी जिवंत आहेस का म्हणून मेसेज केले. नंतर हवामान खात्यानेच सांगितलं, सेन्सर बिघडला होता. त्याच दिवशी शहरातली दुसरी केंद्रं 44 च्या आसपास दाखवत होती. एका सेन्सरवर विश्वास ठेवायचा नाही, हा धडा मी तिथून उचलला.

याच शोधात मला एम्प्रेस मिल सापडली. म्हणजे सापडली कसली, आजोबा तिथेच कामाला होते. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भराव घालून ती उभी केली आणि 1 जानेवारी 1877 ला, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, ती सुरू झाली. आता त्या जागेवर एम्प्रेस मॉल आहे. आम्ही तिथे सिनेमाला जातो.

सूतगिरणी म्हणजे आगीचं घर. हवेत कापसाचे तंतू तरंगतात, यंत्रांवर त्यांचा थर बसतो, आणि एखादं कोरडं पडलेलं बेअरिंग तापलं की तेवढं पुरतं. टाटांनी या गिरणीत हवा दमट ठेवणारी यंत्रं आणि आग विझवणारे स्प्रिंकलर बसवले, आणि हे देशात पहिल्यांदा झालं, असं टाटांच्या इतिहासात अभिमानाने सांगितलं जातं. दमट हवा धाग्यासाठी, कारण नागपूरच्या कोरड्या हवेत तो सारखा तुटतो.

स्प्रिंकलर हा माझ्या यंत्राचा पणजोबाच म्हणायचा. अमेरिकेत हेन्री पार्मली नावाच्या पियानो कारखानदाराने 1874 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि काही वर्षांत फ्रेडरिक ग्रिनेलने तो सुधारला. छताखालच्या पाइपात पाणी दाबून भरलेलं. तोटीचं झाकण धरून ठेवणारा सांधा बिस्मथ, शिसं, कथील अशा मिश्रधातूने डाख दिलेला. हा डाख सत्तर अंशांच्या आसपासच वितळतो. वितळला की झाकण उडतं, आणि जिथे आग तिथेच पाणी पडतं. मुख्य पाइपातून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर घंटा वाजवायची सोयही पुढे आली. वीज नाही, वाय-फाय नाही, कोड नाही. वायर सैल होऊन 85 सांगायचा प्रश्नच नाही.

मी दोन रात्री त्याची चित्रं बघत बसलो. कोड लिहून पोट भरणाऱ्या माणसाला थोडं वाईट वाटतंच.

पण त्या डाखालाही एक मर्यादा आहे, आणि नागपूरकराला ती लगेच दिसते. आजच्या नियमांत साधा 68 अंशांचा स्प्रिंकलर छतापाशी जास्तीत जास्त 38 अंश होणाऱ्या जागेसाठी असतो. छत त्याहून तापणार असेल तर वरच्या अंशांचा घ्यायचा. आमच्या पत्र्याखाली मे महिन्यात 38 ही सकाळची गोष्ट आहे. आमच्या जळालेल्या मोटरच्या पाटीवरही तेच: भोवतालची हवा 40 अंश धरलेली. वाइंडिंगचं इन्सुलेशन दर दहा अंशांमागे साधारण निम्मं आयुष्य गमावतं, असा विद्युत अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. 46 अंशांत तीच मोटर तेवढाच लोड ओढत असेल, तर ती आजारी नसूनही झिजते.

म्हणून दुसऱ्यांदा मी दोन प्रश्न वेगळे केले. मोटर शेडमधल्या हवेपेक्षा नेहमीहून किती जास्त तापली? ते मशीनच्या तब्येतीचं. आणि मुळात किती तापली? ते वाइंडिंगच्या जिवाचं. एक सेन्सर मोटरवर, दुसरा बेअरिंगपाशी, तिसरा सावलीत टांगलेला. नेमका 85 आला तर तो फेकून द्यायचा आणि पुन्हा विचारायचं. फरक पाच मिनिटं टिकला तरच बझर. नुसतीच हवा तापली असेल तर पिवळा दिवा: लोड कमी करा, पंखा लावा.

बाबांनी वायर परत जोडू दिली, पण मशीनला हात लावणं सोडलं नाही. गेल्या मे महिन्यात एका दुपारी बझर वाजला. मी रजेवर होतो, तिथेच बसलो होतो. बाबांनी आधी स्विचकडे नाही, बेअरिंगकडे हात नेला, पालथा. झटक्यात मागे घेतला आणि मग मेन बंद केला. झाकण उघडलं तर आतलं ग्रीस काळं, वाळून खडबडीत झालेलं.

"या बारी खरं बोलून राह्यलं," म्हणाले, आणि नवीन बेअरिंग आणायला मला पिटाळलं.